हात खिशात ठेवा

"कट!"

ओरेस्ट मेल्निक गाडीतून उतरला आणि त्याने बर्फाला लाथ मारली. त्याची रुतलेली गाडी गावकऱ्यांनी पुन्हा एकदा ढकलून बाहेर काढली होती.

"सॉरी," गावकरी म्हणाले. सगळे एका सुरात.

प्रसंग साधा होता. नट व्हायला निघालेल्या तरुणाची गाडी चर्चसमोर बर्फात रुतते. अख्खं गाव खिशात हात घालून बघत राहतं. तो एकटा फावड्याने ती बाहेर काढतो, गावाकडे एक जळजळीत कटाक्ष टाकतो आणि जातो. सत्यकथा होती. ओरेस्टने ती प्रत्येक मुलाखतीत सांगितली होती, म्हणजे सत्यच. तरुणाचं कामही तोच करत होता. पन्नाशी उलटली होती, म्हणून टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

कॅलिफोर्नियात तो सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांत मरणारा पोलीस म्हणून प्रसिद्ध होता; निदान ओरेस्टचं तसं म्हणणं होतं. पुढे त्याला कुणी मारीनासं झालं, तेव्हा तो पटकथा लिहू लागला. त्या कुणी घेईनात, म्हणून तो दिग्दर्शक झाला. ज्या कॅनडाला तो कोत्या मनाचा देश म्हणे, त्याच कॅनडाच्या सरकारी अनुदानावर हा सिनेमा चालला होता.

सूर्य धान्याच्या कोठारामागे उतरत होता. उद्या भाड्याचा कॅमेरा विनिपेग शहरात परत जायचा होता. हा प्रसंग झाला नाही तर सिनेमाला शेवट नव्हता, आणि या सिनेमाशिवाय ओरेस्टकडे दुसरं काही नव्हतं.

"वॉल्टर, तू सगळ्यात आधी धावलास," तो म्हणाला.

वॉल्टर त्याचा शाळासोबती. शाळेची बस चालवायचा. "चाक नुसतं गरगरताना ऐकवत नाही रे. पाय आपोआप निघतात. कॅलिफोर्नियात ढकलत नाहीत का?"

"तिथे बर्फ नसतो."

"मग इतकी वर्षं रुतला होतास कशात?"

कुणी हसलं नाही. कॅनडाच्या या मॅनिटोबा प्रांतात असल्या वेळी माणसं बुटांकडे बघतात.

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. पुन्हा चाक गरगरलं. गावकऱ्यांनी हात खिशात खोल कोंबले, दात आवळले. मग गावातल्या वयस्कर स्टेफामावशींनी कपाळाला हात लावला, पेरोगीच्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांच्या, पिठाने भरलेला एप्रन कमरेला खोचला आणि त्या गाडीला जाऊन भिडल्या. त्यांच्यामागून सगळं गाव.

"मावशी!" ओरेस्ट खिडकीतून ओरडला. "हात लावायचा नाही, एवढंच करायचंय! त्या दिवशी बरं जमलं होतं सगळ्यांना!"

गावकरी एकमेकांकडे बघू लागले. सॉरी म्हणावं की नाही, हे त्यांना पहिल्यांदाच ठरवता येईना.

"त्या दिवशी तरी कुठे जमलं होतं, ओरेस्ट?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "पार हमरस्त्यापर्यंत ढकलत नेली होती. तू मागे वळून बघितलं नाहीस. आम्हालाही वाटलं, जातोय तर जाऊ दे."

ओरेस्ट दार उघडून गाडीतून खाली उतरला.

मावशींनी हातमोजे चढवले आणि गाडीच्या पाठीवर थाप मारली.

"बस आत. त्या दिवशी जोर जरा कमी पडला."