लाल पट्टी

"पुन्हा चुकलं बघ," आत्या म्हणाली, तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी झळकली: माप ओलांडलं. पुन्हा घ्या.

पट्टी क्षणभर थांबली आणि आपली आपण विरून गेली.

भिंगरीने कपाळाला हात लावला. आत्याच्या शिवणाच्या दुकानासाठी हा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता. माप टाइप करायचं. आकडा साठाच्या पुढे गेला की पट्टी येणार, चूक सांगणार आणि न हाकलता निघून जाणार, शहाण्या पाहुण्यासारखी. पट्टीवरचं वाक्य पहिल्यांदा वाचून आत्या केवढी हसली होती. "शब्द कुठून आणलास गं?"

"'मापाची मर्यादा ओलांडली' पट्टीत मावत नव्हतं."

उद्या हाच प्रोग्राम शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा होता, आणि तो ऐन वेळी नाक कापायला निघाला होता.

"मला काही घाई नाही," समोर हात पसरून उभा असलेला, शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला. आत्याने टेप पुन्हा त्याच्या छातीभोवती फिरवली.

इतर गिऱ्हाइकांच्या वेळी पट्टी एकदाही आली नव्हती. चष्मेवाला आला की हमखास. आधी कोटाला, मग जाकिटाला, आता दुसऱ्या कोटाला.

"तुझ्या प्रोग्रामचं यांच्याशी काहीतरी वाकडं आहे," आत्या म्हणाली.

"पट्टी फार लवकर जाते पण," चष्मेवाला म्हणाला. "नीट वाचून होत नाही."

"चष्मेवाले असून?" भिंगरीने विचारलं.

"दिव्याखाली अंधार, बाळ. जरा जास्त वेळ ठेव."

भिंगरीने पट्टीचा वेळ वाढवला, शिवाय टाइप झालेला आकडाही तिच्यात दाखवला. पुढच्याच मापाला चोर सापडला. छाती: चारशे.

"आत्या, तुझं बोट घसरतंय. एक शून्य जास्त पडतंय."

"घसरत असेल. वय झालं आता." न बघता सुईत दोरा ओवणारी आत्या हे म्हणाली, आणि भिंगरीने समजूतदारपणे मान डोलावली.

दुपारभर बसून तिने चुकीचं मूळच उपटलं. मापाच्या चौकटीत आता दोनच आकडे मावणार होते. तिसरा दाबला तरी उमटणार नाही.

संध्याकाळी चष्मेवाला पुन्हा हजर. आता म्हणे पँट शिवायची होती.

आत्याने कंबर मोजली. चौतीस टाइप केलं, मग शून्य दाबलं. उमटलं नाही. पुन्हा दाबलं. छे.

भिंगरी खुर्चीतल्या खुर्चीत नाचली. "बघितलंस? आता चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

"हो का," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

चष्मेवाल्याचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. "आज पट्टी नाही?"

"कायमची गेली," भिंगरी ऐटीत म्हणाली.

आत्याने गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली. मग चौतीस खोडलं, एकेक बटण नीट बघून, अगदी सावकाश नव्याण्णव टाइप केलं आणि पडदा चष्मेवाल्याकडे वळवला.

माप ओलांडलं.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला, आणि पट्टी विरायच्या आत हळूच आत्याला विचारलं, "मग, कधी ओलांडताय?"