पोटातले ठोके

कडा गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स सत्यशीलाने बायनाबाईला खाटेवर झोपवलं. पस्तिशीची बायनाबाई कालच ऊसतोडीवरून गावी परतली होती.

"सिस्टर, पोटात हालतंय."

"गॅस असेल. तुझी गर्भपिशवी चार वर्षांमागं काढलीय ना?"

"काढलीच हाय. तरी हालतंय."

ऑपरेशनचे कागद समोर होते, पोटावरचा व्रणही जुना होता. तिची समजूत पटावी म्हणून सत्यशीलाने जेल लावून गर्भाचे ठोके ऐकवणारा डॉपलर पोटावर टेकवला. आधी खरखर झाली, मग ठोके ऐकू आले. सत्यशीलाने घड्याळात पाहत बायनाबाईची नाडी मोजली. ब्याऐंशी. पोटातले ठोके एकशे चाळीस.

तिने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तरी एकशे चाळीसच.

"आलं न्हवं ऐकू?" बायनाबाई शांतपणे म्हणाली. "मंग बाहेरच्या बायांना बी बोलवा आत. त्या कवाच्या बसल्यात."

सत्यशीलाने दार उघडलं. ओट्यावर बायनाबाईच्याच टोळीतल्या सात जणी बसल्या होत्या. सातही जणींचं तेच ऑपरेशन झालेलं सत्यशीलाला ठाऊक होतं.

सातही जणींनी पोटावर हात ठेवलेला होता.