धनेशाची ढोली

बाळंतिणीच्या खोलीतून शकूला समोरच्या कडुलिंबातली धनेशाची ढोली दिसायची. मादीनं अंड्यांसकट स्वतःला आत लिंपून घेतलं होतं. बाहेर फक्त चोच निघेल एवढी फट. नर दिवसभर उंबरं आणून तिला त्या फटीतून भरवायचा. चिंचवडच्या खाणीत सुरुंग लावणारा शकूचा नवरा गेनूही तसाच. सोयर फिटेपर्यंत त्याला आत यायला मज्जाव होता, म्हणून रोज संध्याकाळी तो खिडकीच्या गजांतून तिला खारका द्यायचा.

काल तो आला नाही. "मुकादमानं तळेगावला धाडलंय त्याला," सासू सारजाबाई म्हणाली.

आज तिनं ताट पुढं ठेवलं, तशी शकूनं भाकरी उलटून पाहिली.

"आत्याबाई, ही तुमच्या हातची न्हाई."

"शेजारच्या गवराबाईनं दिलीया. माझा हात दुखतोय जरा."

घरातल्याच पलीकडच्या चुलीचा धूर कालपासून खोलीत आला नव्हता. सासरा वारला तेव्हाही घरात चूल पेटली नव्हती, आणि गवराबाईकडून ह्याच जाड भाकरी आल्या होत्या.

सारजाबाई सुनेच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. धसका घेतला की बाळंतिणीचं दूध आटतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाहेर नर उंबर घेऊन फटीशी आला. शकूनं खिडकीकडं पाठ केली, लेकराला पदराखाली घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"त्ये आलं की सांगा," ती म्हणाली, "खारका संपल्यात."