परतीची पेटी

ड्रोन गच्चीवरून उडेना. मालन चौगुलेंनी नवऱ्याचं इन्सुलिन, पाणी, दूध पावडर सगळं काढून घेतलं होतं, तरी पेटीवरचा लाल दिवा जाईना. खाली पुराचं पाणी दुसऱ्या मजल्याला टेकलं होतं.

"मावशी, पेटीत काहीतरी राहिलंय," मदत संस्थेच्या रियाजचा आवाज पेटीतूनच आला. "रिकामी झाल्याशिवाय यंत्र हलत नाही. त्याला अजून चाळीस गच्च्यांवर जायचंय."

"राहिलं न्हाई, ठेवलंय मी. मूठभर शेंगा हायत. औषध धाडलंसा, तुमचं भांडं मोकळं कसं धाडू?"

रियाजने ड्रोन पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरबाईंना विचारलं. त्यांनी पेटी रिकामी असण्याची अट काढून टाकली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या ड्रोनच्या पेट्या गुळाचा खडा, दोन लिंबं, जास्वंदीचं फूल असं काहीबाही घेऊन परतल्या. सत्ताविसाव्या गच्चीवरून मात्र पेटी रिकामी आली.

"विसरले असतील," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"हे कुणी विसरत नाही, मॅडम. त्या घरात द्यायला काही उरलं नसेल."

ड्रोन दुप्पट सामान घेऊन तिकडेच परत उडाला. मग इंजिनिअरबाईंनी सगळ्या यंत्रांना नवा नियम शिकवला: जिथून पेटी रिकामी येईल, तिथे आधी जायचं.