डावा काठ

"आता?" बाबांनी विचारलं आणि ते थांबले.

बालवाडीपासून प्रत्येक वळणावर ते असेच थांबत होते. हात पाठीमागे बांधून, नदीकडे बघत.

"सरळ," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. वाट कोणी कोणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं.

तिने मागे बघितलं. भाऊ बऱ्याच अंतरावरून येत होता. त्याच्या खांद्यावर तिची लेक, छोटी, पेंगुळली होती.

सकाळी भाऊ म्हणाला होता, "संध्याकाळी बालवाडीपासून घरापर्यंत चालत या. वाट चुकली, तर छोटी माझ्याकडे राहील. भांडत नाहीये मी. मला झोप लागत नाही रात्रीची." बोलताना त्याने दोघांपैकी कोणाकडेच बघितलं नव्हतं. बाबा नुसते चपला शोधत राहिले.

बालवाडी नदीतल्या बेटावर, जुन्या बाजारात. घर पलीकडे, काठावर. सोमवारपासून छोटीला रोज याच गल्ल्यांतून आणायचं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर परमुलखाची जहाजं वाट दाखवत बंदरात आणली, त्याची परीक्षा घ्यायची? पण दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून घरातले सगळेच धास्तावले होते. आतून कडी लावायची नाही, शेगडीला हात लावायचा नाही. बाबांसाठी म्हणून तिनेही ते मुकाट्याने पाळलं होतं.

दोरखंडवाला दुकानाच्या फळ्या लावत होता. "काय कप्तान, जहाज कुठे निघालं?"

"आज मी नुसता माल," बाबा म्हणाले. "हाकणारी ही."

"मग घट्ट धरून बसा. लहानपणी हिने माझी हातगाडी धक्क्यावरून थेट पाण्यात घातली होती." तो हसला. मग आवाज हळू करून म्हणाला, "तब्येत काय म्हणते?"

"बरे आहेत," तिने घाईने सांगून टाकलं.

दोरखंडवाला क्षणभर बाबांकडे बघत राहिला. मग पुन्हा फळीकडे वळला.

गोदामांच्या भिंतीला धरून ती दोघं बेटाच्या टोकाशी आली. समोरून नदी संथ येत होती आणि वरच्या अंगाला सूर्य बुडत होता. डाव्या हाताला एक दगडी पूल, उजव्या हाताला दुसरा. दोन्ही काठांवर जुन्या व्यापाऱ्यांनी सारखीच घरं बांधलेली, तीच उतरती छपरं, पाण्यात उतरणाऱ्या त्याच पायऱ्या. एकेक दिवा लागत होता.

बाबा थांबले. या वेळी त्यांनी काही विचारलंही नाही. पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतली होती की पेरं पांढरी पडली होती.

मागची पावलंही थांबली.

एक होडी समोरून गेली, तिच्या लाटा पायरीवर आपटून विरल्या.

"बाबा, सांगा ना," ती कुजबुजली. "घर कोणत्या काठाला?"

त्यांनी एकदा मागे नजर टाकली. मग ओठ जेमतेम हलवून म्हणाले, "डाव्या."

तिच्या जिवात जीव आला. आठवलं बाबांना. आता छोटी कुठे जात नाही. ती डावीकडच्या पुलावर वळली. बाबांचं पाऊल जरा अडखळलं.

"चला, आलंच घर," ती म्हणाली. बोलता बोलता तिला हसूही आलं. "भाऊला आज गोड झोप लागेल."

बाबा मागोमाग चालत राहिले.

पूल उतरून दुसरी गल्ली, चार पायऱ्या, दार. तिने किल्ली घातली. फिरेना.

"मेलं कुलूप," ती पुटपुटली, तोच दार आतून उघडलं. ओले हात पदराला पुसत एक बाई उभी होती. या बाईला तिने कधीच पाहिलं नव्हतं.

"तुम्ही कोण? आमच्या घरात काय करताय?"

बाई दचकली नाही, रागावलीही नाही. "हा उजवा काठ, ताई," ती हलकेच म्हणाली. "नदीवरची माणसं समुद्राकडे तोंड करून काठ मोजतात."

बेटाच्या टोकाशी उभं असताना समुद्र तर तिच्या पाठीशी होता. म्हणजे बाबांचं बरोबर होतं. चुकवलं तिनेच.

भाऊ येऊन पोचला होता. छोटी त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली. तिने त्याची बाही धरली.

"त्यांनी बरोबर सांगितलं होतं रे. वळले मी. माझी चूक त्यांच्या माथी मारू नकोस. त्यांच्यापायी छोटीला नेऊ नकोस."

भाऊने बाही सोडवून घेतली नाही. तो तिच्या डोक्यावरून बाबांकडे बघत होता.

"काठ सांगायला नको होता मी," बाबा त्याला म्हणाले. "वाट शोधायला अजून एक संध्याकाळ दे तिला."