ह्यांच्याकडून

"काकूजी, ये 'ह्यांच्याकडून' कौन सी पार्टी है?"

मीराकाकू झेंडूच्या पाकळ्या उन्हात पसरत राहिल्या. विचारणारा शैलेंद्र इंदूरहून आला होता, धूपकांड्या विकत घेणाऱ्या कंपनीकडून. नानाखेड्यातल्या काकूंच्या घराच्या गच्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता बिचारा, घामाने पार बेजार. काकूंनी केलेल्या दोनशे बारा नोंदी, आणि फुलं कोणाकडून मिळाली या रकान्यात प्रत्येक वेळी हे एकच उत्तर. कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसने तर या नावाची फर्म शोधायला माणूस बसवला होता.

काकूंची सून ऋता कपाळाला हात लावून उभी होती. धंदा तिचा. राम घाटाजवळच्या लहान लहान देवळांतलं निर्माल्य पूर्वी क्षिप्रा नदीत जायचं. आता तिचे सासरे गोपाळराव, बँकेतून रिटायर झालेले, रोज सकाळी मोपेडवर गोणी बांधून ते घरी आणत. काकू निवडत, वाळवत. खाली शेडमध्ये नऊ बायका त्याच्या धूपकांड्या वळत. यंदापासून कंपनीने ब्लॉकचेन आणलं होतं. म्हणजे काय, तर माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की घेणाऱ्याने मोबाइलवर लिहायचं, कोणाकडून आला, किती आला. ते एकाच वेळी शंभर ठिकाणी जाऊन बसतं, आणि मग कोणाच्या बापालाही खोडता येत नाही. गिऱ्हाईक खोक्यावरच्या कोडवर फोन धरतं आणि फूल देवळातून आपल्या घरापर्यंत कसं आलं ते बघतं. मधल्या एका माणसाचा जरी पत्ता लागला नाही, तरी सगळा माल परत.

"पार्टी नहीं है भैया, मेरे ससुरजी हैं," ऋता म्हणाली. "आई उनका नाम नहीं लेतीं."

शैलेंद्र सज्जन होता, हसला नाही. खोडता येत नसलं तरी जुन्या नोंदीला दुरुस्ती जोडता येते, त्याने समजावलं. मात्र ज्याने नोंद केली त्यानेच आपल्या आवाजात नाव सांगायचं. आणि तेही आज संध्याकाळच्या आत, नाहीतर ऑर्डर रद्द. "सब में नहीं, काकूजी. बस एक बार बोल दीजिए, बाकी अपन संभाल लेंगे."

त्याने काकूंचाच फोन त्यांच्यापुढे धरला. काकूंनी ओठ घट्ट मिटले.

काकू काही अडाणी नव्हत्या हो. एम. ए. झालेल्या, विजेचं बिल मोबाइलवरून भरणाऱ्या. लग्नात सासूबाईंनी सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. चव्वेचाळीस वर्षांत काकूंचा त्यावर कधी फारसा विश्वास बसला नाही, पण सवय लागली ती लागलीच. मग दोन वर्षांपूर्वी गोपाळरावांना हार्ट अटॅक आला. आयसीयूच्या दाराशी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही काकूंनी तोंड उघडलं नाही, आधार कार्ड पुढे केलं. गोपाळराव धडधाकट घरी आले. त्या दिवसापासून सवयीची भीती झाली.

जिन्यातून गोपाळराव चहाचा ट्रे घेऊन वर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अगं, बोलून टाक की. मी काय लगेच टपकतोय?"

"तुम्ही गप्प बसा हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "खालच्या नऊ जणींचं काम जाईल, कळतंय मला. तुमच्यावर बेतलं तर मी काय करू?"

ऋताने सासूच्या पाठीवरून हात फिरवला. ह्या बाईला रडवून मिळालेली ऑर्डर तिला नको होती. "राहू द्या आई," ती म्हणाली. "आपण दुसरी कंपनी बघू." तिने शैलेंद्रला चहा दिला. त्याने दोन घोटांत तो संपवला आणि लॅपटॉप बॅगेत घालायला घेतला.

काकू पाकळ्यांकडे बघत होत्या.

"भैया, इसमें जो नाम चढ़ गया, वो कोई नहीं मिटा सकता?"

"कोई नहीं, काकूजी."

"तुम्हारे मालिक?"

"मालिक भी नहीं."

"सरकार?"

"सरकार भी नहीं."

काकूंनी आभाळाकडे बोट केलं. "और वो?"

शैलेंद्रला हसू येणार होतं, पण त्याने काकूंचा चेहरा पाहिला. त्याच्याही घरी आई होती.

"वो भी नहीं," तो म्हणाला.

काकूंनी पदराला हात पुसले आणि आपला फोन उचलला. "फुलं गोपाळ सदाशिव मुळ्ये यांच्याकडून मिळाली," त्या स्पष्ट म्हणाल्या. चव्वेचाळीस वर्षांत बायकोच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकून गोपाळराव मटकन कठड्यावर बसले.

"हो गया, काकूजी," शैलेंद्र म्हणाला. "एक से काम हो गया. दीजिए फोन."

काकूंनी फोन दिला नाही.

"अजून दोनशे अकरा बाकी आहेत," त्या म्हणाल्या, आणि दुसरी नोंद उघडली.