तिसऱ्या अंकातली थप्पड

‘‘ताई, पाचही बोटं उमटलीत,’’ रंगभूषाकार तिच्या गालावर पफ दाबत म्हणाला. ‘‘कालची सूज अजून उतरली नाही. रंग चढवू तरी कुठे?’’

नायिका आरशात बघत राहिली. तालमीत ठरलं होतं वेगळंच. नवऱ्याने हात उगारायचा, तिने मान झटकायची आणि विंगेतून कुणीतरी टाळी वाजवायची. पहिल्याच प्रयोगात नायकाने खरीखुरी लगावली. प्रेक्षागृह चिडीचूप झालं. तेव्हापासून विंगेतल्या टाळीची गरजच उरली नाही.

तिने दिग्दर्शकाकडे तक्रार केली. तो म्हणाला, ‘‘अगं, अख्खा प्रवेश त्या थपडेवर उभा आहे. कलेसाठी एवढं सोसायचं.’’ दिराचं काम करणारा हसला, ‘‘वहिनी, हेल्मेट घालून या!’’

सासूचं काम करणाऱ्या बाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या नायकाच्या सख्ख्या आई. सारं आयुष्य रंगभूमीवर गेलेलं, पण मुलाविरुद्ध तोंडातून कधी ब्र निघाला नव्हता. नाटकातही त्यांना तेच करायचं होतं. मुलगा सुनेवर हात टाकतो, तेव्हा विणकाम न थांबवता मान फिरवायची. ती फिरलेली मान नायिकेला थपडेपेक्षा जास्त लागायची.

तिसरा अंक सुरू झाला. दीर दारात, सासू खुर्चीत. नायकाचा आवाज चढत गेला. हात वर गेला आणि नायिकेने तो मनगटाशीच धरला.

‘‘आज नाही,’’ ती म्हणाली. हे वाक्य संहितेत नव्हतं.

‘‘सोड!’’ तो दातांतल्या दातांत पुटपुटला. ‘‘नाटक पाडतेस का?’’

‘‘पडू दे.’’ तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. ‘‘मी मार खाणार नाही.’’

विंगेत दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. दिराची तर बोबडीच वळली. पण नायक मुरलेला नट. त्याने वेळ सावरून घेतली आणि खुर्चीकडे वळून गरजला, ‘‘आई, सांग हिला! या घरात बायका उलटून बोलत नाहीत.’’

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. सावकाश उठल्या. आता आपली धडगत नाही, नायिकेला वाटलं. काही झालं तरी पोटचा मुलगा. तिने मनगट आणखी घट्ट धरलं.

बाई आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मुलाच्या समोर.

‘‘तुझे वडील मला मारायचे, तेव्हा तू पलंगाखाली लपून रडायचास,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग बाहेर येऊन माझे डोळे पुसायचास. म्हणायचास, आई, मी मोठा झालो की त्यांना अडवीन.’’ त्यांचा आवाज जराही कापला नाही. ‘‘झालास ना मोठा? ठेव तो हात खाली.’’

नायकाचा हात लुळा पडला.

प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. माणसं उभी राहिली. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘‘वा! काय लिहिलंय!’’

लेखकाने त्या नाटकात वडिलांबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.